मुका मार, कुठे जखम नाही, तरी पांढऱ्या पेशी का वाढल्या?

यंत्रमागवाला
नमस्कार मंडळी. सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. परवा रात्रपाळीत मागावरचा धोटा (आडवा धागा नेणारा) उडाला आणि एका कामगाराच्या कोपराखाली बसला. कातडी फाटली नाही, रक्ताचा थेंबही नाही. पण बघता बघता जागा लाल झाली, सकाळपर्यंत हात टम्म सुजला आणि हात लावला तर गरम लागत होता. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी 13,400, त्यात न्यूट्रोफिल 82 टक्के. नॉर्मल 4,000 ते 11,000 असं रिपोर्टवरच छापलंय.

घरच्यांनी धसका घेतलाय की पोराच्या रक्तात इन्फेक्शन झालं. माझा प्रश्न साधा आहे. जंतू आत शिरायला वाटच नाही, मग या पेशी कशासाठी धावून आल्या? जाणकारांनी जरा उलगडून सांगावं. त्याच्या आईला समजेल असं मला सांगायचं आहे.

कडक_भाकरी
धोटा डोळ्याला लागला नाही ही सिद्धरामेश्वराची कृपा. मागाला जाळी नसेल तर आधी ती बसवा ओ, पेशींचं नंतर बघू.

यंत्रमागवाला
जाळी होती, पण सैल झाली होती. दुसऱ्याच दिवशी सगळ्या मागांच्या जाळ्या तपासून घट्ट केल्या.

रक्ततपासनीस
पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे इन्फेक्शनच, ही समजूत फार पक्की बसली आहे. लॅबच्या खिडकीवर लोक ‘रक्तात जंतू किती आहेत’ असंच विचारतात. त्या आईला एवढं सांगा की या पेशींना पहिली खबर जंतूंची लागत नाही, तुटलेल्या पेशींची लागते.

कातडी टिकली तरी खालचा स्नायू, चरबी, बारीक रक्तवाहिन्या चेचल्या गेल्या आहेत. पेशी फुटली की तिच्या आतलं एटीपी (पेशीचं इंधन), डीएनएचे तुकडे, काही प्रथिनं बाहेर सांडतात. या वस्तू एरवी पेशीबाहेर दिसायलाच नकोत. ऊतींमध्ये कायम मुक्कामाला असलेल्या मॅक्रोफेज आणि मास्ट पेशींना एवढी खूण पुरते. मास्ट पेशी काही मिनिटांत हिस्टामिन सोडतात. त्याने बारीक रक्तवाहिन्या फुगतात, तिथे रक्त जास्त येतं, म्हणून लाली आणि गरमपणा. वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी एकमेकींपासून किंचित सुटतात, फटींतून रक्तातलं पाणी आणि प्रथिनं बाहेर झिरपतात. ती सूज. प्रोस्टाग्लँडिन आणि ब्रॅडिकिनिन ही रसायनं मज्जातंतूंना हळवं करतात, तो ठणका. हे सगळं व्हायला एकही जंतू लागत नाही.

पांढऱ्या पेशी यानंतर येतात आणि त्यांचं येणं हा स्वतंत्र विषय आहे. रात्री सविस्तर लिहितो, आत्ता स्लाइड्स पडून आहेत.

साखरपेठकर
सर, लवकर लिहा. आमच्याकडे मुका मार लागला की आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून गरम लेप लावतात. तो चालेल का तेही सांगा.

हडपसरचा_सोलापूरकर
वाचतोय. वाचनखूण साठवली.

प्राणिशास्त्र_मास्तर
सर येईपर्यंत थोडा इतिहास. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणं पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने नोंदवून ठेवली. पण त्यात पांढऱ्या पेशी काय करतात हे कळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. सूक्ष्मदर्शकाखाली पू तपासला तर त्यात पेशीच पेशी दिसत. त्या येतात कुठून? बर्लिनचे रुडॉल्फ फिर्खो म्हणजे त्या काळातलं रोगशास्त्रातलं सर्वात मोठं नाव. त्यांचं मत होतं की त्या जागच्या ऊतींमधल्या पेशीच विभागून पूपेशी तयार होतात.

त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या युलियस कोनहाइम यांनी 1867 साली बेडकाच्या आतड्याचा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरून ठेवला आणि तासन्‌तास बघत बसले. वाहिन्या फुगल्या, रक्ताचा वेग मंदावला, पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीला लागल्या, आणि मग एकेक पेशी भिंतीतून पलीकडे गेली. रक्तातूनच. असं काही दिसल्याच्या नोंदी त्याआधीही कुणी कुणी केल्या होत्या, पण निर्णायक मानलं गेलं ते कोनहाइम यांचं काम. गुरूचं मत शिष्याने नुसतं डोळ्यांनी बघून बाजूला सारलं. अकरावीच्या वर्गात हे सांगताना मला दर वर्षी तेवढाच आनंद होतो.

गड्डाप्रेमी
मास्तर, आणि तो काट्याचा प्रयोग? कॉलेजात ऐकलेलं पुसट आठवतंय.

प्राणिशास्त्र_मास्तर
तो एली मेचनिकॉफ यांचा. 1882, इटलीतलं मेसिना. स्टारफिशची अळी पारदर्शक असते. तिच्या अंगात त्यांनी गुलाबाचे काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे, यंत्रमागवाले. काटा म्हणजे काही जंतू नव्हे. शरीराला झालेली इजा हीच त्या पेशींना पुरेशी हाक होती. 1908 साली त्यांना पॉल एरलिश यांच्यासोबत नोबेल मिळालं.

रक्ततपासनीस
मास्तरांनी पाया घातला, आता पुढचं.

रक्तात वाहणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये सर्वात जास्त असतात न्यूट्रोफिल. अस्थिमज्जा रोज साधारण दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते. त्यांचं आयुष्य थोडकं, म्हणून कारखाना कायम चालू. एरवी त्या प्रवाहाच्या मधोमध तांबड्या पेशींसोबत वाहत असतात. इजेच्या जागी वाहिनी फुगली, पाणी झिरपून रक्त दाट झालं, वेग मंदावला, की त्या कडेला ढकलल्या जातात. तिथे अस्तराच्या पेशींनी आपल्या पृष्ठभागावर सिलेक्टिन नावाचे रेणू बाहेर काढलेले असतात. न्यूट्रोफिल त्यांना हलकेच चिकटते, सुटते, परत चिकटते, म्हणजे भिंतीवरून गडगडत जाते. गडगडताना तिला अस्तरावर इंटरल्यूकिन-8 सारखे संदेश भेटतात. मग तिच्या अंगावरचे इंटिग्रिन नावाचे चिकटणारे रेणू ताठ होतात आणि ती जागच्या जागी घट्ट रुतते. त्यानंतर चपटी होऊन दोन पेशींच्या सांध्यातून अंग आक्रसत बाहेर पडते. तिचं केंद्रक दोन ते पाच पाळ्यांचं असतं, त्याचा अशा चिंचोळ्या फटीतून जाताना उपयोग होतो असं मानतात. हे सगळं मुख्यतः केशवाहिन्यांच्या लगेच पुढच्या, अगदी बारीक शिरांमध्ये घडतं.

पहिल्या 6 ते 24 तासांत मैदान न्यूट्रोफिलचं. त्यानंतर 24 ते 48 तासांत मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी वाढतात, ऊतीत शिरून मॅक्रोफेज होतात आणि मेलेल्या न्यूट्रोफिल गिळून साफसफाई करतात. मेलेली न्यूट्रोफिल गिळली की मॅक्रोफेजमधून निघणारे संदेश बदलतात. आग भडकवणारे कमी, भरून आणणारे जास्त. मला या सगळ्यातला हा भाग सर्वात मोलाचा वाटतो, कारण सूज उतरण्याची तयारी सूज चढतानाच सुरू होते.

गड्डाप्रेमी
म्हणजे असं की. होम मैदानावर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत मधल्या रेट्यात असलो तर थांबता येत नाही. आधी कडेला सरकायचं, दुकानांचे बांबू धरत धरत हळू व्हायचं, एक बांबू घट्ट पकडायचा आणि दोन दुकानांच्या फटीतून पलीकडे घुसायचं. बरोबर ना सर?

रक्ततपासनीस
क्रम अगदी बरोबर. फरक एकच. गड्ड्यात बांबू आधीपासून रोवलेले असतात. इथे सिलेक्टिन फक्त इजेच्या आसपास आणि इजा झाल्यावरच बाहेर येतात. म्हणून तर दुखावलेल्या हातात पेशी उतरतात, धडधाकट हातात नाही.

हे बांबू पकडणं किती महत्त्वाचं आहे त्याचं उदाहरण सांगतो. काही बाळं इंटिग्रिनचा एक भाग सदोष घेऊन जन्मतात. फार दुर्मीळ आजार. त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल प्रचंड, पण वाहिनीबाहेर पडता येत नाही. नाळ गळायला खूप उशीर होतो, वारंवार इन्फेक्शन होतं आणि जखमेत पू धरत नाही. पू नाही म्हणून कुणी खूश व्हावं अशी ती गोष्ट नाही.

सिस्टर_निवृत्त
सगळं छान चाललंय, पण मला त्या पोराच्या हाताची काळजी वाटते. यंत्रमागवाले दादा, कोपराखालचा हात सुजलाय ना? स्नायूंवर घट्ट आवरणाचे कप्पे असतात. आत सूज वाढली तर दाब वाढून रक्तपुरवठा तुटू शकतो. बोटं बधिर होताहेत का, बोटं सरळ केली तर जीव कासावीस होतो का, वेदना माराच्या मानाने फारच जास्त आणि वाढत चालली आहे का, हात दगडासारखा कडक लागतो का? यातलं काही असेल तर धाग्यावर लिहीत बसू नका, थेट सिव्हिलला न्या. नाडी लागतेय, बोटं गुलाबी आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. काही तासांत स्नायू कायमचा जातो. वॉर्डात असे हात पाहिलेत, म्हणून एवढं कळकळीने सांगतेय.

यंत्रमागवाला
सिस्टर, आत्ता फोन करून विचारलं. बोटं नीट हलतात, बधिर नाहीत. दुखणं कालच्यापेक्षा कमी आहे. पण तुम्ही सांगितलेलं सगळं त्याच्या भावाला समजावून दिलं.

सिस्टर_निवृत्त
बरं झालं. हात उशीवर उंच ठेवा, अंगठी, कडं असेल तर काढा.

साखरपेठकर
आणि लेपाचं काय? मला कुणी उत्तरच देईना.

हडपसरचा_सोलापूरकर
लेपबिप काही नको, बर्फ लावायचा. सरळ नियम आहे.

साखरपेठकर
काय सांगलालात ओ! आमच्या तीन पिढ्या मागावर गेल्या, सगळ्यांचे मुके मार लेपानेच उतरले.

सिस्टर_निवृत्त
ताई, लेपातलं औषध राहू द्या बाजूला, गरम की थंड ते आधी बघू. पहिले एक-दोन दिवस वाहिन्या आधीच फुगलेल्या असतात. त्यावर गरम लेप किंवा शेक दिला तर त्या आणखी फुगतात आणि सूज वाढते. सूज बसायला लागल्यावर कोमट शेकाने आराम वाटतो. लेप लावायचाच असेल तर तेव्हा आणि कातडी शाबूत असेल तरच.

प्राणिशास्त्र_मास्तर
बर्फाचा नियमही तितका सरळ राहिलेला नाही. विश्रांती, बर्फ, दाब आणि हात-पाय उंच ठेवणं हे सूत्र गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी 1978 मध्ये मांडलं. 2014 मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं. कारण हेच, पांढऱ्या पेशींचं काम अडतं. दुखणं कमी करण्यापुरता थोडा वेळ बर्फ ठीक, पण तासन्‌तास नको.

हडपसरचा_सोलापूरकर
हे माहीत नव्हतं. पण मग सूज चांगली म्हणायची का वाईट? बाजारातली निम्मी औषधं तर सूज मारायलाच आहेत.

रक्ततपासनीस
सूज गरजेची आहे आणि तिची किंमतही मोजावी लागते. न्यूट्रोफिलकडे शत्रू ओळखायची फार बारीक नजर नसते. तिच्या पोतडीत प्रथिनं पचवणारी विकरं आणि क्लोरीनयुक्त दाहक रसायनं असतात. 2004 मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली, की ती स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून त्यात जंतू अडकवते. यातून आजूबाजूची चांगली ऊतीही भाजते. म्हणून काम झाल्यावर त्या वेळेत मराव्यात आणि मॅक्रोफेजने उचलून न्याव्यात हे महत्त्वाचं. दुखण्यासाठी वेदनाशामक घेतलं तर बिघडत नाही, ते प्रोस्टाग्लँडिन कमी करतं. अ‍ॅस्पिरिन नेमकं हेच करतं हे जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं, 1982 मध्ये ते नोबेलचे एक मानकरी होते. फक्त रिकाम्या पोटी, मूत्रपिंडाचा त्रास असताना किंवा मनाने अशी औषधं घेऊ नका.

गड्डाप्रेमी
सर, एक अडलं. वाहिनीतून बाहेर पडल्यावर पेशीला इजेची नेमकी जागा कशी सापडते?

प्राणिशास्त्र_मास्तर
याचं थोडं उत्तर देतो. झेब्रा माशाची अळीसुद्धा पारदर्शक असते. 2009 मध्ये संशोधकांनी तिच्या शेपटीला छोटी जखम करून पाहिलं. जखमेची कड स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, ते काही मिनिटांत आत पसरतं, कडेला जास्त आणि लांब कमी. पांढऱ्या पेशी त्यानंतर त्या दिशेने आल्या. शिवाय फुटलेल्या पेशींतून आणि आधी पोचलेल्या न्यूट्रोफिलकडून निघणारी रसायनंही असतात. जिथे रसायन दाट तिकडे पेशी सरकते.

कडक_भाकरी
हायड्रोजन पेरॉक्साइड? फेस येणारं, मेडिकलमध्ये बाटलीत मिळतं ते? मग जखमेवर तेच भरपूर ओतायचं की, पेशी पळत येतील!

सिस्टर_निवृत्त
अजिबात नको. बाटलीतलं 3 टक्के असतं. शरीर जेवढं बनवतं त्याच्या कित्येक पट तीव्र. दिशा दाखवणं दूर, ते तुमच्या चांगल्या पेशीच जाळतं. साधी जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली आणि साबणाने आजूबाजूला धुवा. मेलेली ऊती असेल तर ती डॉक्टरांकडून काढून घ्या. तिथे रक्तवाहिनीच उरलेली नसते, मग पांढरी पेशी पोचणार कुठून?

प्राणिशास्त्र_मास्तर
सिस्टरांचा हा मुद्दा आपल्या गावाशी जोडलेला आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापुरात 1910 साली जन्मले आणि 1938 मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले. 1942 मध्ये तिथेच वारले. त्या सगळ्या काळात पेनिसिलिन आघाडीवर मिळत नव्हतं. जखम धुणं, मेलेलं मांस कापून काढणं आणि बाकी काम रुग्णाच्या पांढऱ्या पेशींवर सोडणं, युद्धातल्या शस्त्रक्रियेचा तेव्हा मोठा आधार हाच. भैय्या चौकातल्या स्मारकात मुलांना नेतो तेव्हा मी हे मुद्दाम सांगतो.

हडपसरचा_सोलापूरकर
+१. त्या चौकातून शाळेत जायचो, आत कधी गेलो नाही. पुढच्या वेळी जाणार.

रक्ततपासनीस
यंत्रमागवाले, सगळं वाचताना एक गोष्ट डोक्यात घोळतेय. रक्त काढण्याआधी त्या पोराला कुठलं इंजेक्शन दिलं होतं का? रात्री, मार लागल्यावर लगेच?

यंत्रमागवाला
हो. आधी जवळच्या एका दवाखान्यात नेलं होतं, तिथे ‘सुजेचं’ म्हणून एक इंजेक्शन दिलं. चिठ्ठी शोधून पाहिली. डेक्सामेथासोन लिहिलंय.

रक्ततपासनीस
मग 13,400 चं कोडं बरंचसं सुटलं.

शरीरातल्या रक्तवाहिन्यांमध्ये असलेल्या न्यूट्रोफिलपैकी साधारण अर्ध्या प्रवाहात वाहत नसतात, भिंतींना टेकून असतात. आपण सुईने रक्त काढतो त्यात फक्त वाहत्या मोजल्या जातात. मार लागला, माणूस घाबरला, दुखलं, की अ‍ॅड्रेनलिनमुळे टेकलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात. एकही नवी पेशी न बनता आकडा चढतो. त्यात इजेच्या संदेशांनी अस्थिमज्जेतला साठाही बाहेर सुटतो. वर डेक्सा, म्हणजे स्टेरॉइड. स्टेरॉइडने पेशींची भिंतीला चिकटण्याची ताकद कमी होते, त्या ऊतीत उतरत नाहीत आणि रक्तातच फिरत राहतात. शिवाय मज्जेतून आणखी बाहेर येतात. म्हणजे रिपोर्टात पेशी जास्त आणि हातात, जिथे हव्या तिथे, कमी.

त्या आईला सांगा, हा आकडा मार, भीती आणि इंजेक्शन या तिघांचा मिळून आहे. एकट्या या आकड्यावरून इन्फेक्शन म्हणता येत नाही. एका डोसाने मोठं नुकसान होत नाही, पण साध्या मुक्या माराला पहिल्याच रात्री स्टेरॉइड देण्याची पद्धत मला पटत नाही. ज्या पेशींनी साफसफाई करायची त्यांनाच अडवलं जातं आणि वर रिपोर्ट वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

सिस्टर_निवृत्त
शंभर टक्के सहमत. आणि इंजेक्शन कुठलं दिलं ते विचारून लिहून घ्यायची सवय लावा लोकहो. ‘सुजेचं’, ‘तापाचं’, ‘ताकदीचं’ ही काही औषधांची नावं नव्हेत.

यंत्रमागवाला
सर, मनापासून आभार. पोराच्या आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. घरी तेलुगू बोलतात, म्हणून भावाने मध्ये मध्ये सांगितलं. अँटिबायोटिक सुरू करायचं का असं विचारत होत्या. आणि रक्त परत तपासायचं का?

रक्ततपासनीस
ताप नाही, लाली पसरत नाही, सूज उतरतेय, तर अँटिबायोटिकचं कारण मला दिसत नाही. पण हात बघणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठरवा. ताप आला, लाली वर चढू लागली किंवा काखेत गाठ आली तर लगेच दाखवा. परत रक्त तपासलंच तर डेक्साचं आधी सांगा आणि स्लाइड डोळ्याने बघायला सांगा. जंतूंशी झुंज चालू असेल तर मज्जा अर्धवट वाढलेल्या न्यूट्रोफिल बाहेर सोडते आणि त्यांच्यात गडद दाणे दिसतात. नुसत्या स्टेरॉइडने सहसा तसं दिसत नाही.

साखरपेठकर
सर, शेवटचा प्रश्न. आमच्या आत्याबाईंना जुनी साखर आहे. पायाच्या अंगठ्याला जखम आहे, आणि त्यांचा रिपोर्ट उलटा, पांढऱ्या पेशी अगदी नॉर्मल. म्हणजे काळजी नाही ना?

रक्ततपासनीस
ताई, हा रिपोर्ट बघून निश्चिंत होऊ नका. साखर जास्त असली की न्यूट्रोफिल जखमेकडे नीट सरकत नाहीत, जंतू गिळण्यात आणि मारण्यात कमी पडतात. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर पोचतच नाहीत. मज्जातंतू बधिर असल्याने ठणकाही जाणवत नाही. त्यामुळे आत खोल इन्फेक्शन असूनही काउंट नॉर्मल येतो, हे आम्ही नेहमी पाहतो. उद्याच पाय दाखवा. जखम हाडापर्यंत गेली आहे का, पायात नाडी लागते का हे बघायला सांगा, आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) करून घ्या. दुपारच्या तापलेल्या फरशीवर त्यांना अनवाणी चालू देऊ नका.

साखरपेठकर
उद्या सकाळीच नेते. नेल्यावर इथे कळवते.